वारूळ कोण फोडालंय? आणि हे डुकराच्या तोंडाचं, सशाच्या कानाचं काय आहे?

खानापूरकर_७२
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढालोय. आमचं रान (गावाचं नाव काढलं आहे – व्यवस्थापक) इथं जंगलाला लागून आहे. काजूच्या बागेच्या वरच्या अंगाला एक जुनं वारूळ आहे, माझ्या कमरेला लागतं, पंचमीला आई तिथंच दूध-लाह्या घेऊन जाते. परवा मंगळवारी पाणी बघायला गेलो तर वारुळाच्या बुडाला भोक. वीतभर रुंद, बऱ्यापैकी गोल, बाहेर ओल्या मातीचा ढीग. हात घालून बघितलं तर कोपरापर्यंत आत गेला. तिथनं पन्नास पावलांवर बांधात अजून एक बीळ आहे, ते मोठं, आमचं कुत्रं वाकून आत जाईल एवढं. कुत्रं मात्र जायला तयार नाही, लांबूनच भुंकतंय.

हे घरात सांगितलं तर चुलतभावानं लगेच फॉरवर्ड दाखवला, ‘खानापूरच्या जंगलात सापडला आर्डव्हार्क, गावोगावी कळवा’. फोटोत डुकरासारखं लांब तोंड, सशासारखे कान, कांगारूसारखी शेपटी, आणि अंगावर केस असून नसल्यासारखे. असा प्राणी आपल्याकडं आहे काय? नसला तर माझं वारूळ कुणी फोडलं?

यळ्ळूरचा_गडी
हात घातलास? वारुळात? मे महिन्यात? प्राण्याचं नंतर बघू, आधी तुझं बघायला पाहिजे.

बेळगावी_कुंदा
+१. आईनं पंचमीला ज्याला दूध पाजलं त्यानं ओळख ठेवली म्हणायची :D

मास्तर_नंदगड
फोटो खरा आहे, खानापूर खोटं आहे. आर्डव्हार्क फक्त आफ्रिकेत मिळतो, तेही सहारा वाळवंटाच्या खालच्या आफ्रिकेत. आपल्याकडं तो कधी नव्हता. नाव आफ्रिकान्स भाषेतलं, म्हणजे तिकडं जाऊन राहिलेल्या डच लोकांची जी भाषा झाली ती. आर्ड म्हणजे जमीन, व्हार्क म्हणजे डुक्कर. सरळ मराठी करायचं तर भुईडुक्कर.

पण डुकराशी त्याचं नातं काडीचं नाही, आणि दक्षिण अमेरिकेतल्या मुंगीखाऊशीही नाही, जरी पालास नावाच्या अभ्यासकानं १७६६ साली त्याला मुंगीखाऊच्याच वंशात बसवलं होतं. तोंड लांब, जीभ लांब, मुंग्या खातो, म्हणजे तोच, असा हिशेब. नंतर दात बघितल्यावर लोकांच्या लक्षात आलं की हे प्रकरण वेगळं आहे. आता त्याचा स्वतंत्र गण आहे, ट्यूब्युलिडेंटाटा, म्हणजे नळीदाते, आणि त्या अख्ख्या गणात आज जिवंत असलेली ही एकच जात. घराणं मोठं होतं, आता वाड्यात एकटाच राहिलाय.

निपाणीकर_पाटील
मास्तर, तुमचा आदर राखून सांगतो, फोटोतली माती बघा. लाल आहे. ही आपल्या खानापूर-जांबोटीचीच माती. आफ्रिकेत वाळवंट असतं, पिवळं.

मास्तर_नंदगड
पाटीलसाहेब, कलहारीची वाळूसुद्धा लालच असते. लोखंडाचा गंज तिकडंही चढतो, त्याला कर्नाटकाची परवानगी लागत नाही.

अपिंग्टनचा_पाव्हणा
या धाग्यावर मला यायलाच पाहिजे :) मी मूळचा शहापूरचा, दोन वर्षं दक्षिण आफ्रिकेत अपिंग्टनच्या बाजूला सोलरच्या साइटवर होतो. कलहारीच्या कडेलाच. हा प्राणी मी समोर बघितलाय, आणि तिथल्या कामगारांनी सांगितलं की तुझं नशीब, आम्ही इथंच जन्मलो आणि अजून बघितला नाही.

जुलै महिना होता, म्हणजे त्यांचा हिवाळा. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला परत यालो होतो, उजेड होता अजून. तारेच्या कुंपणापलीकडं काहीतरी वाकडंतिकडं चाललेलं. सरळ जातच नव्हतं, दारू पिलेल्यासारखं एकदा डावीकडं एकदा उजवीकडं, नाक जमिनीला चिकटवून, आणि आमच्या गाडीचा आवाज येऊनही फक्त एक कान आमच्याकडं फिरवला. दुसरा कान पुढंच. कान वीतभर तरी असतील. मग एका जागी थांबलं आणि पुढच्या पायांनी खणायला लागलं. काय सांगू, आपल्याकडं जेसीबी आल्यावर पोरं बघत उभी राहतात ना तसे आम्ही चौघं उभे. माती पोटाखालून मागं, मागच्या पायांनी अजून मागं, मध्येच शेपटीनं ढकलायची. डोकं आत गेलं, मग खांदे, मग नुसता ढुंगणाचा गोळा आणि शेपटी बाहेर. दोन-तीन मिनिटं तसंच. मग बाहेर आलं, नाकाला माती, फूस करून शिंकरलं, आणि परत वाकडंतिकडं चालू.

भोक एवढंस्सं. मला वाटलं होतं सगळं वारूळ फस्त करेल. ड्रायव्हर म्हणाला नाही, थोडं खातंय, पुढं जातंय, काही दिवसांनी परत येतंय.

सौ_टिळकवाडी
@पाव्हणा, वाचूनच डोळ्यासमोर आलं. पण हा प्राणी रात्रीचा ना? साडेपाचला कसा?

अपिंग्टनचा_पाव्हणा
ताई, उन्हाळ्यात अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाही. हिवाळ्यात तिकडं रात्री शून्याच्या जवळपास जातंय, मग तो दुपारनंतरच निघतो आणि मध्यरात्री घरी जाऊन झोपतो. आपल्या सीनियर सिटिझनसारखं.

हालगा_डेंटल
दातांचा विषय निघाला म्हणून वर आले. मास्तरांनी नळीदाते म्हटलं ते अगदी शब्दशः आहे. आपल्या दातात मध्ये पोकळी असते, त्यात नस. आर्डव्हार्कच्या दातात तशी एक पोकळी नसतेच. त्याचा एकेक दात म्हणजे हजार-दीड हजार बारीक षटकोनी नळ्यांची मोळी, आडवा कापला तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. वर एनॅमल नाही, सिमेंटसारखा थर असतो. मूळ नाही. झिजतात आणि खालून वाढत राहतात, आयुष्यभर. आणि मोठ्या प्राण्याला पुढचे दात, सुळे काहीच नाही, फक्त मागं दाढा. फर्स्ट इयरला असते तर प्रोजेक्टच केलं असतं.

बेळगावी_कुंदा
म्हणजे रूट कॅनाल नाही? डॉक्टर, हा पेशंट तुमच्या धंद्याला परवडणार नाही.

हालगा_डेंटल
@कुंदा :D तुम्ही या, तुमच्यावर भरून काढते.

यळ्ळूरचा_गडी
मुंग्या खायला दात कशाला लागतात पण? गिळायच्या की.

मास्तर_नंदगड
गड्या, प्रश्न बरोबर विचारलास. खवल्या मांजराला एकही दात नाही, मुंगीखाऊलाही नाही, ते गिळतातच. आर्डव्हार्कही मुंग्या चावत बसत नाही. त्याच्या जठराचं शेवटचं टोक चांगलं जाड स्नायूचं असतं, कोंबडीच्या पोटात दाणे दळले जातात तसं तिथं दळण होतं, मुंग्यांबरोबर गेलेली मातीही दळायला उपयोगी पडते. मग दात कशाला, तर एक उत्तर असं देतात की काकडीसाठी.

यळ्ळूरचा_गडी
काकडी???

मास्तर_नंदगड
हो. आपली काकडी, खरबूज यांच्याच कुळातला एक वेल आहे, क्युक्युमिस ह्युमिफ्रक्टस. फूल वर येतं, पण फलधारणा झाली की देठ वाकून जमिनीत घुसतो आणि फळ मातीखाली वाढतं. आपल्या भुईमुगाच्या शेंगेसारखं बघा, आऱ्या सुटतात ना तसं. हे फळ वीत-दोन वीत खोल असतं. आर्डव्हार्क वासावर काढून खातो, पाण्यासाठी. आणि तो आपली विष्ठा खड्डा करून पुरतो, त्यात त्या बिया. म्हणजे पेरणी आणि खत एकदमच झालं. या वेलाच्या बिया पसरवायला दुसरं कुणी सापडत नाही, सगळा भार या एका गड्यावर.

जांबोटी_अक्का
आमच्याकडं तवसं लावलंय परसात, पावसात बघायचं कुणी येतंय काय ते. मास्तर, एक विचारते, मुंग्या चावत नाहीत काय त्याला? आमच्या इथल्या डोंगळ्यानं एक धरला तर सुटत नाही, मुंडकं तुटलं तरी.

अपिंग्टनचा_पाव्हणा
चावतात अक्का, पण कातडं जाड आहे. मेलेल्याचं कातडं बघितलेल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं की चपलेला लावलं तर दहा वर्षं बघायला नको. नाकपुड्यांत दाट केस असतात आणि खणताना त्या बंदही करता येतात. कान मागं मुडपून घेतो. जीभ फूटभर, चिकट.

मास्तर_नंदगड
आणि लोकांना वाटतं तो फक्त वाळवी खातो, तसं नाही. दक्षिण आफ्रिकेत जिथं नीट मोजलंय तिथं वर्षभर मुंग्याच जास्त, वाळवी हिवाळ्यात वाढते. वाळवी म्हणजे मुंगी नव्हे हेही सांगून ठेवतो, वाळवी झुरळाच्या जवळची.

सौ_टिळकवाडी
शी! आता वारुळाकडं वेगळ्या नजरेनं बघावं लागेल.

खानापूरकर_७२
अहो मंडळी, सगळं झकास चाललंय, पण माझं वारूळ?

निपाणीकर_पाटील
माझं ऐका खानापूरकर. वारूळ आहे म्हणजे वाळवी आहे. काजूची लहान रोपं असतील तर खाऊन टाकेल. भोक पडलंच आहे तर त्यातून औषध ओता आणि विषय संपवा. आम्ही उसाच्या बेण्याला लावणीच्या वेळीच औषध लावतो, नाही तर कांड्या पोकळ होतात, चाळीस टक्के उगवण गेली होती माझी एका वर्षी. शहरातल्या लोकांना प्राण्यांचं कौतुक असतं, नुकसान आमचं.

जांबोटी_अक्का
पाटील, औषध ओतू नका म्हणून सांगा त्याला. जुन्या वारुळावर श्रावणात अळंबी येतात, पांढरी, लांब देठाची. आमच्या घरात वर्षातनं एकदाच ती भाजी होते. वारूळ मेलं की अळंबी गेली. माझ्या सासऱ्यांनी एका जागचं वारूळ खणून काढलं रस्त्यासाठी, आज तीस वर्षं झाली, तिथं परत एक अळंबी आलेली नाही.

मास्तर_नंदगड
अक्का म्हणतात ते शास्त्राला धरून आहे. ही वाळवी पालापाचोळा आणून आत बुरशीची शेती करते, आणि अळंबी म्हणजे त्याच बुरशीचं वर आलेलं फळ. वाळवी मेली की शेती बंद.

निपाणीकर_पाटील
मास्तर, वाळवीची शेती वाचवायची आणि माणसाची घालवायची काय? अळंबीची भाजी एक दिवस, काजूचं झाड चाळीस वर्षं.

खानापूरकर_७२
पाटीलसाहेब, काजू मोठे आहेत, पंधरा वर्षांचे. वाळवी सालीवर चढते पण झाड काही मेलं नाही आजवर. नवीन लावणीला मात्र त्रास होतो हे खरं आहे, मागच्या वर्षी सहा रोपं गेली. औषध ओतणार नाही पण, आई घरात घेणार नाही मला.

देसूर_रेंज
थोडा उशिरा आलो. वन्यजीवाच्या कामात काही वर्षं आहे, एवढंच सांगतो. खानापूरकर, तुमच्या वर्णनावरून तीन उमेदवार आहेत.

अस्वल असेल तर भोक असं गोल, नीटस नसतं. अस्वल वारूळ फोडतं म्हणजे फोडतंच, वरून ढेकळं काढून फेकतं, नख्यांचे लांब ओरखडे असतात. त्याला वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीला ओठ लावून वाळवी ओढून घेतं, रात्रीच्या शांततेत तो आवाज लांबवर येतो. भीमगडच्या बाजूला अस्वल आहेच, तेव्हा संध्याकाळी एकटे जाऊ नका.

बुडाला, गोल, वीतभर आणि खोल म्हटलं तर मला खवल्या मांजराची शंका येते. ते जास्त मोडतोड करत नाही, नेमकी जागा वासावर शोधून तिथंच खणतं. आणि बांधातलं मोठं बीळ त्याचं जुनं घर असू शकतं, किंवा साळिंदराचं. घूस म्हणावी तर बीळ फार मोठं आहे.

आता महत्त्वाचं. मी व्यवस्थापकांना निरोप पाठवून तुमच्या गावाचं नाव धाग्यातून काढायला लावलंय, राग मानू नका. खवल्या मांजराच्या खवल्यांसाठी माणसं फिरतात. खवलं म्हणजे आपल्या नखाचाच पदार्थ, केराटिन, औषध वगैरे काही नाही त्यात, पण पैसे मिळतात. त्याच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून बंद आहे, आपल्याकडं १९७२ च्या कायद्यात तो पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या रांगेत आहे. तरी चालतं. आणि धरायला फार अवघड नाही, घाबरलं की गोळा होऊन बसतं, बिबट्याला चेंडू उघडत नाही पण माणूस पिशवीत घालतो.

बेळगावी_कुंदा
सर, विनोद करायचा होता पण आता नको वाटालंय.

खानापूरकर_७२
राग कसला सर, उलट बरं झालं. मी फॉरवर्डवाल्या चुलतभावालाही सांगितलंय की बिळाचा फोटो कुठं टाकू नको. त्यानं दोन ग्रुपवर आधीच टाकला होता, काढायला लावला.

हालगा_डेंटल
एक शंका. खवल्या मांजर आणि आर्डव्हार्क भाऊबंद नाहीत काय? काम एकच, अवजारं एकच.

मास्तर_नंदगड
नाहीत. खवल्या मांजर कुत्रा-मांजर-वाघ या मांसाहारी कुळाच्या जवळचं. आर्डव्हार्कचे सोयरे ऐकाल तर हसाल: हत्ती, समुद्रगाय, आणि हायरॅक्स म्हणून एक सशाएवढा प्राणी. सगळ्यांचं मूळ गाव आफ्रिका. काम एकच असलं की अंग तसं घडत जातं. गवंडी बेळगावचा असो नाहीतर बिहारचा, हाताला घट्टे त्याच जागी.

यळ्ळूरचा_गडी
म्हणजे दांडेलीकडनं येऊन खानापूरच्या भातात नाचणारा टस्कर या भुईडुकराचा पाव्हणा? मग फॉरवर्ड अगदीच खोटा नाही, भाऊ नाही तरी पाव्हणा आलाय की.

बेळगावी_कुंदा
हां, आता विनोद चालेल. खवल्या मांजराला कन्नडमध्ये काय म्हणतात माहीत आहे काय? चिप्पु हंदी. चिप्पु म्हणजे शिंपला, खवलं. हंदी म्हणजे डुक्कर. मराठीत मांजर, कन्नडात डुक्कर. या गरिबाचाही सीमाप्रश्न सुटलेला नाही.

जांबोटी_अक्का
साळिंदराला मुळ्ळू हंदी. काट्याचं डुक्कर.

यळ्ळूरचा_गडी
शिंपल्याचं डुक्कर, काट्याचं डुक्कर, भुईचं डुक्कर. खरं डुक्कर कुठाय?

निपाणीकर_पाटील
माझ्या मक्यात.

सौ_टिळकवाडी
:D :D पाटील, पहिल्यांदाच तुमचं पटलं.

@पाव्हणा, तुम्ही बिळांबद्दल काही सांगितलं नाही. आर्डव्हार्क एवढं खणतो तर राहतो कसा?

अपिंग्टनचा_पाव्हणा
ताई, बिळावरच तर माझं जास्त प्रेम, कारण आमच्या बोलेरोसारख्या गाडीचं पुढचं चाक अख्खं त्यात गेलं होतं. दोन तास लागले काढायला. तिकडच्या शेतकऱ्यांची मुख्य तक्रार तीच, गाडी अडकते, धरणाच्या बांधाला भोक पाडतो, कुंपणाखालून वाट करतो आणि त्याच वाटेनं कोल्हा मेंढरांत येतो.

पण एका घरात तो जास्त दिवस राहत नाही. दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात जागा बदलतो, अशी कितीतरी बिळं त्याच्या हद्दीत. लहान तात्पुरती, आणि काही दहा-बारा मीटर लांब, फाटे फुटलेली. पिल्लू मोठ्या बिळात होतं. एका वेळी एकच, सात महिन्यांनी, जन्मतःच दोन किलोच्या आतबाहेर, दोन आठवड्यांनी आईबरोबर बाहेर पडायला लागतं. आणि तो निघून गेला की रिकाम्या बिळात कोण कोण येतं! आमच्या गाडीच्या खड्ड्यातून दुसऱ्या दिवशी वॉर्टहॉग म्हणजे तिकडचं सुळेवालं रानडुक्कर निघालं. ते बिळात उलटं शिरतं, ढुंगण आधी, म्हणजे तोंड दाराकडं आणि सुळे तयार. शिवाय साळिंदर, तरस, अजगर, वटवाघळं, पक्षी. उन्हाळ्यात बाहेर चाळीस डिग्री असताना आत गार, हिवाळ्यात ऊब. एकानं खणायचं आणि गावानं राहायचं.

बेळगावी_कुंदा
डिपॉझिट किती घेतो?

यळ्ळूरचा_गडी
भाडं नाही, पण उतारा स्वतःच्या नावावर ठेवतो. कन्नडमध्ये.

देसूर_रेंज
@पाव्हणा, हेच मी वेगळ्या तऱ्हेनं सांगणार होतो. तिथं २०१२-१३ च्या उन्हाळ्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा कलहारीत काही आर्डव्हार्कांच्या अंगात तापमान मोजायची यंत्रं बसवलेली होती. पाऊस नाही, गवत नाही, म्हणून मुंग्या-वाळवी वर येईना. उपाशी प्राण्याला अंग गरम ठेवता येईना, रात्री तापमान फार खाली जायचं, मग थंडी टाळायला ते भर दिवसा बाहेर पडायला लागले. तरी त्यांतले बहुतेक मेले. त्यावर अभ्यासकांची काळजी हीच होती की हा गेला तर त्याच्या बिळांवर जगणारे बाकीचे कुठं जाणार. दिवसा हिंडणारा आर्डव्हार्क दिसला की लोक खूश होऊन फोटो काढतात, आणि तो उपासमारीचा फोटो असू शकतो.

अपिंग्टनचा_पाव्हणा
सर... मी बघितला तो जुलैतला होता, अंगानं चांगला भरलेला होता. पण तुम्ही लिहिल्यावर मोबाईल काढून तो फोटो परत बघितला. शेपटीचं बूड जाड आहे. बरं वाटलं.

निपाणीकर_पाटील
ठीक आहे, औषधाचं मी मागं घेतो. अर्धं. रोपांजवळ लावायचं, वारुळात नको. पण प्राण्याच्या भरवशावर शेती होत नाही हे माझं म्हणणं कायम.

देसूर_रेंज
एवढं चालेल पाटीलसाहेब.

खानापूरकर, एक करा. चुलीतली राख चाळून दोन्ही बिळांसमोर पातळ पसरा, संध्याकाळी. सकाळी लवकर जा, बरोबर कुणाला तरी न्या. पाऊस यायच्या आत करा.

खानापूरकर_७२
(चार दिवसांनी)
केलं. पहिल्या रात्री काहीच नाही, फक्त कुत्र्याचे पाय, आमचंच. दुसऱ्या रात्री वळीव आला, राख वाहून गेली. तिसऱ्या रात्रीचं सांगतो. भाऊ आणि मी सहाला गेलो. बांधातल्या बिळासमोर राखेत लहान पावलं, पाच-सहा, आणि मध्ये झाडूनं ओढल्यासारख्या बारीक रेघा. बिळाच्या तोंडाला हा काळा-पांढरा काटा पडलेला, माझ्या वीतभर.

जांबोटी_अक्का
मुळ्ळू हंदी!

देसूर_रेंज
साळिंदर. पण साळिंदर वारूळ फोडून वाळवी खात नाही, तो मुळं, कंद, साली खाणारा. म्हणजे घर एकाचं आणि राहतोय दुसरा. वारुळासमोर काय मिळालं?

खानापूरकर_७२
वारुळासमोर त्या रात्री काहीच नाही. पण सर, आज सकाळी ओढ्याच्या कडेच्या दुसऱ्या वारुळाला नवीन भोक आहे. तसंच, बुडाला, गोल. ओली माती होती, रात्रीच्या पावसाची. नख्यांचे ठसे पुसट आहेत पण ठशांच्या मधोमध एक लांब रेघ आहे, शेपूट ओढत नेल्यासारखी. बोटभर खोल. बाजूला चिखलात थोड्या पंखवाल्या वाळव्या मेलेल्या.

देसूर_रेंज
फोटो इथं टाकू नका. मला निरोपात पाठवा.

खानापूरकर_७२
पाठवला.

देसूर_रेंज
बघितला. इथं काही बोलणार नाही. तुमच्या बीटच्या गार्डशी बोललोय, ते उद्या येतील. आईला सांगा पंचमीला नेहमीसारखं करायला हरकत नाही.

यळ्ळूरचा_गडी
आणि हात घालू नको.

खानापूरकर_७२
नाही घालत बाबा. अजून एक गंमत, तो आर्डव्हार्कचा फोटो आज सकाळी मला मामाकडून परत आला. या वेळी चंदगडात सापडलाय म्हणे.

निपाणीकर_पाटील
चंदगडची मातीसुद्धा लालच की.